आधी ‘रोहा’ नीट दाखवा, मग टॅब द्या

आपल्या जमातीत तीन गोष्टींवरून हमखास जुंपते: एडिटर कुठला, इंडेंटला टॅब की स्पेस, आणि टर्मिनल कुठलं. पहिल्या दोन विषयांना हात लावायची माझी हिंमत नाही. तिसऱ्याचा किडा मात्र बरेच दिवस डोक्यात वळवळतोय. आज रविवार आहे, बाहेर पाऊस आहे, चहा झालाय. तेव्हा एकदाचं लिहून टाकतो.

म्हणणं सोपं आहे. गेली वीस-पंचवीस वर्षं टर्मिनल बनवणारे आणि वापरणारे आपण सगळे मिळून रंगरंगोटीत रमलोय. टॅब आले, थीम आल्या, मागचं चित्र अंधुक दिसेल अशी पारदर्शक खिडकी आली. पण त्या खिडकीत ‘रोहा’ हे दोन अक्षरांचं गावाचं नाव नीट उमटेलच, याची खात्री आजही कुणी देत नाही. आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. आपल्यालासुद्धा वाटत नाही. माझं भांडण त्या ‘सुद्धा’शी आहे.

<b>आधी कौतुक</b>

टॅबांना माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. सकाळी ऑफिसात बसलं की एका टॅबमध्ये सर्व्हर, दुसऱ्यात लॉग, तिसऱ्यात गिट, चौथ्यात डेटाबेस. ज्यांनी आठ-आठ खिडक्या उघडून त्यातली नेमकी नको ती बंद केली आहे, त्यांना टॅबचं मोल विचारा.

१९७८ साली डीईसी कंपनीचं व्हीटी१०० आलं. ते खरोखरचं यंत्र होतं, काच आणि कीबोर्ड असलेलं. पडद्यावर २४ ओळी, ओळीत ८० घरं. हा ८० चा आकडा आयबीएमच्या १९२८ च्या पंचकार्डावरून आलेला. १९८४ मध्ये एक्सटर्म लिहायला घेतलं गेलं आणि पुढे यंत्र गेलं, त्याची नक्कल उरली. म्हणून तर याला ‘टर्मिनल एम्युलेटर’ म्हणतात. मग लिनक्सवर ग्नोम टर्मिनल आणि कॉन्सोलनं टॅब दिले. मॅकच्या टर्मिनलला टॅब मिळाले २००७ मध्ये. विंडोजवाले बिचारे २०१९ पर्यंत थांबले, तेव्हा मायक्रोसॉफ्टनं विंडोज टर्मिनल जाहीर केलं. पुटी मात्र १९९९ पासून टॅबशिवाय सुखानं नांदतंय.

यानंतर जी बहार आली तिला तोड नाही. एफ१२ दाबलं की वरून पडद्यासारखं खाली उतरणारं ग्वाके. एका खिडकीचे सहा तुकडे करू देणारे टर्मिनेटर आणि टिलिक्स. ग्राफिक्स कार्डाच्या जोरावर धावणारी अलाक्रिटी आणि किटी. ‘नॉट इक्वल टू’ची दोन चिन्हं जोडून त्यांचं एक देखणं चिन्ह करणारे फॉन्ट. एकेका माणसाची कॉन्फिग फाइल चारशे ओळींची! लोक तिला गिटमध्ये ठेवतात, लग्नाच्या अल्बमसारखी पाहुण्यांना दाखवतात.

हे सगळं करता येतं. आता त्यात मराठी लिहून बघा.

<b>पेण दोन घरांचं, रोहा चार घरांचं</b>

टर्मिनल म्हणजे चौकटीची वही. प्रत्येक खुणेनं आपापल्या घरात बसायचं. कुठल्या खुणेला किती घरं, हे ठरवायला डब्ल्यूसीविड्थ नावाचं फंक्शन असतं. इंग्रजी अक्षराला एक, चिनी अक्षराला दोन, आणि आधीच्या अक्षराच्या अंगावर बसणाऱ्या खुणेला शून्य.

आता आपली बाराखडी घ्या. युनिकोडनं आपल्या मात्रांचे दोन गट केलेत. ए, ऐ, उ, ऊ यांच्या मात्रा, अनुस्वार आणि हलन्त अक्षराच्या वर किंवा खाली बसतात, वेगळी जागा मागत नाहीत. त्यांना शून्य. काना, दोन्ही वेलांट्या, ओ आणि औ बाजूला जागा घेतात. या दुसऱ्या गटाला लिनक्सच्या जुन्या आणि अजूनही सर्रास चालणाऱ्या हिशेबानं प्रत्येकी एक वेगळं घर मिळतं. अक्षरापासून तोडलेलं, सुटं.

याचा परिणाम बघायला रायगड जिल्ह्यातली पनवेल-रोहा लाइन पुरे. पेण म्हणजे प, मात्रा, ण. तीन खुणा, दोन घरं. अक्षरंही दोनच. वा! पेण नीट दिसतं. गाडी पुढे निघाली की कासू: दोन अक्षरं, तीन घरं. मग नागोठणे: अक्षरं चार, घरं सहा. मग निडी: अक्षरं दोन, घरं चार. आणि शेवटी रोहा: अक्षरं दोन, घरं चार. म्हणजे पेण सोडल्यावर नाव बिघडायला सुरुवात होते, आणि रोह्याला पोचेपर्यंत र एकीकडे, त्याचा काना-मात्रा दुसरीकडे. ‘र’ ‘ो’ ‘ह’ ‘ा’. मात्रेला बसायला अक्षर सापडलं नाही की ती ठिपक्यांच्या गोलावर बसते. तो गोल आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

सगळ्यात हाल निडीचे. ऱ्हस्व वेलांटी साठवताना ‘न’च्या नंतर येते आणि दाखवताना आधी. जे टर्मिनल एकेक घर सुटं सुटं रंगवतं, त्याला हे उलटं जाणं झेपतच नाही. सत्तर थीममधून निवडलेल्या सुंदर रंगात तिथे ‘नि’ची वेलांटी चुकीच्या बाजूला लटकत असते.

जोडाक्षरांबद्दल तर बोलायलाच नको. आपल्या रायगडात एका बाजूला सह्याद्रीच्या दऱ्या आणि दुसऱ्या बाजूला दर्या. बोलताना आणि लिहिताना हे दोन शब्द वेगळे, कारण पहिल्यात अर्धा र य ला चिकटून येतो आणि दुसऱ्यात रफार डोक्यावर चढतो. जे टर्मिनल अक्षरं जोडतच नाही, तिथे दोन्ही ठिकाणी पाय मोडका र दिसतो. फरक उरतो एका नुक्त्याचा. डोंगर आणि समुद्र यांच्यात एक ठिपका!

<b>दोन रेल्वे आणि एक गेज</b>

कुणी म्हणेल, दिसायला जरा वाईट, एवढंच ना? नाही हो. खरी गंमत पुढे आहे.

रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. १९८६ मध्ये लोहमार्ग रोह्यापर्यंत पोचला. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, आणि १९९८ मध्ये रोह्यापासून पुढचा ७४१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण खुला झाला. गाडी एका रेल्वेच्या हातातून दुसरीच्या हातात जाते, आणि डब्यातल्या माणसाला पत्ताही लागत नाही. कारण दोघांचं गेज एक आहे.

टर्मिनलमध्येही दोन वेगळे कारभारी असतात. एक आतला प्रोग्रॅम, म्हणजे शेल, विम, जे काय असेल ते. दुसरा बाहेरचा टर्मिनल एम्युलेटर. प्रोग्रॅम म्हणतो, मी दहा घरं भरली, आता कर्सर अकराव्यावर. टर्मिनल स्वतःच्या हिशेबानं सात घरं भरून मोकळं झालेलं असतं. दोघं एकमेकांना विचारत नाहीत. मग तुम्ही बॅकस्पेस मारता आणि पुसलं जातं भलतंच. ओळ पुसली तरी मागे मात्रांची भुतं उरतात. कर्सर दाखवतो एक जागा, टाइप होतं दुसऱ्याच जागी. गेज वेगळं असेल तर गाडी घसरते. इथे रोज घसरते.

आणि मोजपट्ट्या दोनच नाहीत. बॅशचं प्रिंटफ रकाना आखताना घरं मोजत नाही, अक्षरंही मोजत नाही, बाइट मोजतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटची. पेण झालं नऊ, रोहा झालं बारा. दहाचा रकाना आखा: पेणच्या पुढे एक मोकळी जागा, रोह्याच्या पुढे शून्य, पुढचा आकडा थेट नावाला चिकटलेला. पायथनवाल्यांची डब्ल्यूसीविड्थ नावाची लायब्ररी आहे, तिनं २०२३ मध्ये हिशेब सुधारला आणि आपल्या काना-वेलांट्यांना शून्य घरं दिली. छान केलं. पण म्हणजे आता एकाच लॅपटॉपवर पायथन म्हणतो रोहा दोन घरांचं आणि शेजारचा सी प्रोग्रॅम म्हणतो चार घरांचं.

गिटची तऱ्हा आणखी वेगळी. फाइलचं नाव ‘पेण’ ठेवा आणि स्टेटस विचारा. उत्तरात येईल ३४०, २४४, २५२ अशी आकड्यांची माळ. हा बिघाड नाही, मूळची सेटिंगच तशी आहे. कोअर-डॉट-कोटपाथ ‘फॉल्स’ केलं की नाव वाचता येतं. किती जणांना हे ठाऊक आहे? आणि न वाचता येणारी नावं हीच मूळ सेटिंग का, असं किती जणांनी विचारलं?

<b>यात कुणाचं काय जातं?</b>

आता एक उदाहरण. आमच्या नात्यातल्या एका काकांचा पेणला गणपतीचा कारखाना आहे. ‘कारखाना’ म्हणजे चिमण्या आणि भोंगे नव्हे. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात जिथे मूर्ती घडतात त्या जागेला कारखानाच म्हणतात. साच्यातून कच्ची मूर्ती निघते, मग घासकाम, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. कच्च्या मूर्तीही विकल्या जातात, लोक आपापल्या गावी नेऊन रंगवतात. ऑर्डरी महिनोन्‌महिने आधी सुरू होतात: गिऱ्हाइकाचं नाव, गाव, उंची, शाडू की प्लास्टर, आगाऊ रक्कम, बाकी.

काकांच्या पुतण्यानं, इंजिनिअरिंगला आहे तो, हे सगळं एका साध्या फाइलमध्ये घातलं आणि यादी छापणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. हुशार पोरगा. नावं-गावं मराठीत, कारण वहीत ती तशीच होती आणि काकांना तशीच वाचायची होती. यादी टर्मिनलवर आली ती वाकडीतिकडी. पेणच्या गिऱ्हाइकांचे आकडे एका रेषेत, रोह्याचे सरकलेले, नागोठण्याचे आणखी सरकलेले. आगाऊ रक्कम बाकीच्या रकान्याखाली. काका यादी बघून म्हणाले, “अरे, तुमच्या कॉम्प्युटरला मराठी येत नाही का?”

पोरानं मग तेच केलं जे आपल्यापैकी कुणीही केलं असतं. गावांची नावं रोमन लिपीत टाकली. रकाने एका क्षणात सरळ. पण फाइलमध्ये नोंदी करणारे तिघं होते. एकानं नागोठणेच्या शेवटी ई लिहिला, दुसऱ्यानं ए, तिसऱ्यानं मधला एच खाल्ला. झाली तीन गावं! टेम्पो भरायच्या वेळी एका गावच्या ऑर्डरी तीन ठिकाणी विखुरलेल्या. देवनागरीत ‘नागोठणे’ लिहायची रीत एकच आहे. आणि पेण? रोमनमध्ये त्याचा ण गेला आणि उरली इंग्रजी लेखणी. शोधून बघा म्हणजे कळेल.

एका कारखान्यापुरती ही गंमत वाटेल. पण हाच निर्णय बँकेत, विमा कंपनीत, हॉस्पिटलात, सरकारी कंत्राट घेणाऱ्या कंपनीत रोज कुणीतरी घेत असतं. “मराठी कॉलम त्रास देतोय, ट्रान्सलिटरेट करून टाक.” हे बोलणारा मराठीचा शत्रू नसतो. तो रात्री अकरा वाजता एसएसएचवर सर्व्हरशी झगडणारा आपलाच भाऊबंद असतो, आणि त्याच्यासमोरचा पडदा त्याला मराठी वाचू देत नसतो. जे वाचता येत नाही ते तपासता येत नाही. जे तपासता येत नाही ते शहाणा इंजिनिअर सिस्टिममध्ये ठेवत नाही. भाषा अशी जाते, बिनबोभाट, एका कॉलमनं. पुढे त्या माणसाचं आडनाव आधारवर एक, सातबाऱ्यावर दुसरं, आणि हेलपाटे मारायचे त्याच्या म्हाताऱ्या आईनं.

हल्ली सगळे एआयबद्दल बोलतात, मराठीतलं एआय कच्चं का, म्हणून गळा काढतात. अहो, त्याचं खाद्य असलेला मजकूर साफ होतो तो ग्रेप, सेड आणि सॉर्टनं, याच काळ्या खिडकीत. साफ करणाऱ्यालाच तो मजकूर मोडलेला दिसत असेल, तर खरा मोडलेला कुठला आणि नुसता मोडलेला दिसणारा कुठला, हे तो ओळखणार कसं?

<b>ठरलेली उत्तरं</b>

हा विषय काढला की पाच उत्तरं येतात. एकेक घेऊ.

पहिलं: टर्मिनलमध्ये मराठी लिहितंय कोण? बरोबर. विहिरीला पाणी लागत नाही म्हणून कुणी येत नाही, आणि कुणी येत नाही म्हणून विहीर उपसायची नाही. या न्यायानं १९९० साली कोकणात रेल्वेही बांधायला नको होती. गाडीच नव्हती, तर प्रवासी कुठून दाखवणार?

दुसरं: कोडची भाषा इंग्रजी आहे. असू दे की. मी कोडबद्दल बोलतच नाहीये. इफ आणि व्हाइल इंग्रजीतच राहू देत, मला ‘जर’ आणि ‘जोवर’ नकोत. पण डेटाची भाषा माणसांची असते, आणि रोहा तालुक्यातली माणसं मराठी आहेत.

तिसरं: चौकटीच्या वहीत देवनागरी बसणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे. हे सगळ्यात जोरात सांगितलं जातं आणि सगळ्यात खोटं आहे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकनं वाढवलेलं जिस्ट तंत्रज्ञान आठवा. १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झालं, त्याच्या आसपासच्या काळात जिस्ट कार्ड पीसीत खोचलं की डॉसच्या साध्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी दिसायची. युनिक्सच्या मशीनसाठी जिस्ट टर्मिनलही होते. १९९१ मध्ये इस्की हे मानक आलं. पस्तीस वर्षांपूर्वी पुण्यात जे चौकटीत बसत होतं, ते आज ग्राफिक्स कार्ड लावूनही बसत नाही? पूर्व आशियातल्या लोकांनी आपल्या अक्षरांसाठी दोन-दोन घरं मागितली आणि मिळवली. जपानी माणसांनी लिहिलेलं एमएलटर्म भारतीय लिप्यांची कितीतरी वर्षं दखल घेतंय, दिसायला ओबडधोबड असलं म्हणून काय झालं. आणि पिझ्झाच्या तुकड्याचा इमोजी? त्याला दोन घरं, रुबाबात, रंगीत. पिझ्झाला जागा आहे, निडीला नाही.

चौथं: मग ग्राफिकल टूल वापर ना. जरूर. त्या दूरच्या सर्व्हरवर बसवून द्या, मी वापरतो.

पाचवं: एवढं वाटतं तर पॅच पाठव. हे एकच उत्तर मला मान्य आहे, अर्धं. ही सगळी टर्मिनलं लोकांनी बहुतांशी फुकट, रात्री जागून लिहिलेली आहेत. ते आपलं काही देणं लागत नाहीत. त्यांना ‘नि’ कसा दिसायला हवा हे ठाऊक असायचं कारणही नाही. एग्मोंट कोब्लिंगर नावाच्या हंगेरियन माणसानं अरबी-हिब्रूसारख्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्या टर्मिनलमध्ये कशा चालाव्यात, याचा सविस्तर आराखडा लिहिला आणि २०१९ मध्ये ग्नोमच्या व्हीटीई लायब्ररीत तो आणलाही. त्याची स्वतःची भाषा डावीकडूनच लिहितात! आपल्याकडे लाखांनी इंजिनिअर आहेत. पुणे, हिंजवडी, ऐरोली, घणसोली. पेण-रोह्याहून रोज गाडीनं नवी मुंबईत येणारेही आहेत. आपण काय पाठवलं? थीम पाठवल्या.

<b>आता संधी आहे</b>

गंमत म्हणजे दार थोडं उघडलंय, आणि ते उघडलं इमोजीनं. चार माणसांच्या कुटुंबाचा इमोजी अनेक खुणा जोडून बनतो. त्याचे तुकडे पडायला लागले तेव्हा जगाला कळलं की ‘खूण’ आणि ‘अक्षर’ या वेगळ्या गोष्टी आहेत. आपण हे ‘नि’ आणि ‘रो’ दाखवून सांगत होतो, पण असो. कुणाच्या का कोंबड्यानं होईना, उजाडलं म्हणजे झालं.

सप्टेंबर २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये देवनागरी जोडाक्षर तोडायचं नाही, असा नियम आला. त्याआधी नियमानुसार ‘क्ष’चेसुद्धा दोन तुकडे पडत. विंडोज टर्मिनलनं २०२४ मध्ये अक्षरसमूह एकत्र धरायला घेतले. डिसेंबर २०२४ मध्ये आलेलं मिचेल हाशिमोटोचं घोस्टी पहिल्यापासून तसं चालतं. प्रोग्रॅम आणि टर्मिनलनं मोजपट्टी आपसात ठरवावी म्हणून २०२७ क्रमांकाचा एक मोड आहे (हा क्रमांक आहे बरं का, साल नव्हे). आणि कॅलिबर लिहिणाऱ्या कोविद गोयल यांच्या किटीनं २०२५ मध्ये अशी सोय काढली की प्रोग्रॅमच टर्मिनलला सांगू शकतो, हा मजकूर इतक्याच घरांत बसव. म्हणजे गेज एक करायची भाषा तयार होते आहे.

पण एवढ्यानं रोह्याची गाडी सुटत नाही. समूह एकत्र धरला, तरी त्याला घरं किती? ‘स्त्री’ एका घरात कोंबली तर तिचा ठिपका होईल. माझं मत, रुंद अक्षराला दोन घरं द्या, चिनी अक्षराला देता तशी. दुसरं, अक्षरं खरोखर जोडावी लागतील. अलाक्रिटीनं वेगापायी लिगेचर आणि अक्षरजोडणी आजवर दूर ठेवली आहे. ते त्यांचं धोरण, पण मग आपण तिला ‘सर्वोत्तम’ म्हणताना ‘इंग्रजीसाठी’ हा शब्द जोडायला हवा. तिसरं, फॉन्ट. फिरा कोड, जेटब्रेन्स मोनो, कॅस्केडिया कोड, आपले हे सगळे लाडके फॉन्ट. एकातही देवनागरी नाही. मग टर्मिनल सिस्टिममधला मिळेल तो फॉन्ट उसना आणतं, त्याची मापं वेगळी, आणि मराठी वळणाचे ल आणि श येण्याऐवजी हिंदी वळणाचे येतात. टर्मिनलला भाषा कळायची सोयच नाही ना.

तेव्हा माझ्या तुमच्याकडे तीन मागण्या आहेत. तिन्ही मिळून एका रविवारचं काम.

एक. तुमच्या टर्मिनलमध्ये हे सहा शब्द टाइप करा: पेण, रोहा, निडी, दर्या, दऱ्या, स्त्री. कर्सर मागेपुढे फिरवा, मधलं अक्षर पुसा, पुन्हा लिहा. जे दिसतं त्याचा फोटो काढा.

दोन. तो फोटो, कसं दिसायला हवं त्याचा दुसरा फोटो, टर्मिनलची आवृत्ती आणि फॉन्टचं नाव, एवढं घालून त्या प्रकल्पाकडे रीतसर तक्रार नोंदवा. “इंडियन लँग्वेजेस नॉट वर्किंग” असली एका ओळीची रडगाणी नकोत, ती कुणी वाचत नाही. ‘नि’ची वेलांटी डावीकडे हवी आणि ती उजवीकडे येते, असं शाळेतल्या बाईंसारखं समजावून सांगा. आधीच कुणी नोंदवलेली असेल तर तिथे आपली पुरवणी जोडा.

तीन. ऑफिसात पुढच्या वेळी “मराठी कॉलम उडवून टाक” असं कुणी म्हणालं, तर निदान एकदा विचारा: डेटा खराब आहे, की आपली खिडकी? दोनपैकी काय बदलणं स्वस्त आहे? रोमन केलेलं नाव पुन्हा मराठीत आणणं किती महाग पडतं, ते टेम्पोवाल्यांना विचारा :-)

पेणच्या कारखान्यात मूर्तीला तडा दिसला तर आधी तो लिंपतात आणि मगच रंगाचा डबा उघडतात. तडा गेलेल्या मूर्तीला कितीही सुंदर डोळे आखले तरी ती कुणी घरी नेत नाही. आपण मात्र गेली कित्येक वर्षं तड्यावर थीम चढवत बसलोय आणि वर एकमेकांना विचारतोय, तुझी निळी छान की माझी जांभळी?

टॅब असू देत, थीम असू देत, पारदर्शक खिडकीतून मागचा सह्याद्रीही दिसू दे. पण यापुढे कुणी कौतुकानं आपलं नवं टर्मिनल तुम्हाला दाखवायला आणलं, की फार वाद घालू नका. कीबोर्ड त्याच्याकडे सरकवा आणि म्हणा, “मस्त आहे रे. जरा ‘निडी’ लिहून दाखव.”